वादळांतील पाहुणा

भंडाऱ्यास समुद्र नाहीं. आमचा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेचा पूर आम्हांस ठाऊक आहे, उन्हाळ्याच्या अखेरीस कौलें उडविणारी वावटळहि ठाऊक आहे. परंतु समुद्र उठून माणसांच्या घरांत शिरतो, ही गोष्ट २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत आमच्या घरीं कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हती.

त्या वर्षीं आमचा पुतण्या स्वयंसेवक म्हणून फिलिपाईन्समधील लेते बेटावर एका खेड्यांत राहत होता. शिक्षण पुरें झाल्यावर नोकरी न धरतां परक्या मुलखांत, केवळ पोटापुरत्या वेतनावर दोन वर्षें काढावयाचीं, हा त्याचा बेत घरांत कोणास फारसा रुचला नव्हता. आमच्या मातोश्रींचा आक्षेप तर अगदीं सरळ होता. "सेवाच करायची तर पवनी-लाखांदुराकडे खेडीं नाहींत का रे?" याचें नीट उत्तर त्याला देतां आलें नाहीं. होकार अखेर आम्हींच दिला.

भाऊबीज ५ तारखेस झाली. शुक्रवार ता. ८ रोजीं, आपल्याकडे पहाटेचे २ वाजून १० मिनिटें झालीं असतां, तें वादळ शेजारच्या सामार बेटावर गिवान येथें जमिनीस लागलें. आम्ही सारे गाढ झोपेंत होतों. जग त्याला 'हैयान' म्हणतें. तेथील लोकांनीं त्यास 'योलांडा' हें नांव दिलें. वाऱ्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरांवर गेला असावा, असा अंदाज आहे. त्या सकाळीं लेतेच्या टॅक्लोबान शहरांत समुद्राचें पाणी ५-६ मीटर चढलें. देशांत ६,३०० च्या वर माणसें गेलीं, आणि हजाराहून अधिक बेपत्ता राहिलीं तीं राहिलींच.

हे आंकडे आम्हांस मागाहून कळले. त्या आठवड्यांत कळलें तें एवढेंच कीं, दूरध्वनि लागत नाहीं. वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर येईनात. हाताला काम असलें म्हणजे रडूं येत नाहीं, असें त्या म्हणत. अनारशांचा डबा कोणीं उघडला नाहीं. त्याला जाऊं कोणीं दिलें, याचा हिशेब घरांत हळू आवाजांत निघूं लागला, आणि तो फिरून फिरून आमच्याच नांवावर येऊन थांबे. सहाव्या दिवशीं रात्रीं दोन ओळींचा निरोप आला. मुलगा सुखरूप होता.

सविस्तर पत्र पुढें आलें, व त्यांतील एक गोष्ट आमच्या मनांतून गेली नाहीं. हवामानखात्यानें आदल्या दिवशींच सांगितलें होतें कीं, पाणी ७ मीटरपर्यंत चढूं शकेल. परंतु सूचनेंत शब्द होता 'स्टॉर्म सर्ज', आणि तो किनाऱ्यावरील पुष्कळांस समजलाच नाहीं. 'त्सुनामी' म्हटलें असतें तर आम्ही पळालों असतों, असें वांचलेले लोक पुढें सांगत. वस्तुतः १८९७ च्या ऑक्टोबरांत याच भागांत असेंच पाणी चढलें होतें, आणि एका जेझुइट शास्त्रज्ञानें तें टिपूनहि ठेविलें होतें. पण तें पुस्तकांत राहिलें.

आमच्या पुतण्याला तो इंग्रजी शब्द कळत होता, समुद्र कळत नव्हता. ज्या म्हातारीच्या घरीं तो राही तिला समुद्र कळत होता, शब्द कळत नव्हता. आठ महिन्यांच्या मोडक्यातोडक्या वाराय भाषेंत त्यानें तिला सांगितलें, "समुद्र चालत येणार, माडाच्या अर्ध्या उंचीइतका." म्हातारीनें क्षणभर त्याच्याकडे पाहिलें, नातवंडें उठविलीं व शेजारच्या घरांना हांका मारल्या. टेकडीवरच्या शाळेंत त्यांनीं ती रात्र काढली. एक शेजारी मात्र होडी सोडून येईना. पुतण्यानें त्यास दोनदां विनविलें. तिसऱ्यांदा गेला नाहीं. त्या गृहस्थाचें नांव तो आजहि उच्चारीत नाहीं.

तो परत आला तो बराच अबोल होऊन. पुढें २०२० च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांतील संजय सरोवराचें पाणी सुटलें, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगा भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरली. अशा वेळीं पाण्याची वार्ता येते ती क्युसेकांत. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारें २८ लिटर, हा हिशेब आम्हांस, शिकलेल्यांस, कागदावर मांडावा लागला! पुतण्या मात्र विजेरी घेऊन आळींत फिरत होता. कोणाला सांगे, "पाणी तुमच्या तुळशीवृंदावनापर्यंत येईल", कोणाला, "ओट्याच्या वर, पण चुलीच्या खालीं." होडीवाल्यासारखाच हट्ट धरून बसलेल्या एका वृद्धाच्या दारीं तो तीनदां गेला, चौथ्यांदा त्यांस हाताला धरून घेऊन आला.

मग तो घरीं आला. मातोश्रींनीं देवांचा संपुष्ट पदरांत घेतला आणि विचारलें, "आपल्याकडे किती पायऱ्या रे?"

"चार, आजी," तो म्हणाला. त्या निमूटपणें माडीवर चढूं लागल्या.