गुलाबी बोंड अळी

लेपिडॉप्टेरा गणाच्या गेलेचिइडी कुलातील एक लहान पतंग. अळीच्या रंगावरून हे नाव पडले आहे. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. सरकीबरोबर तिचा प्रसार ईजिप्त, मेक्सिको इ. देशांत झाला. भोकर तालुक्यासह मराठवाड्याच्या कापूस पट्ट्यात ही कपाशीवरील प्रमुख कीड आहे.

पतंग करडा-तपकिरी असून त्याचा पंखविस्तार १२–२० मिमी. असतो. पुढील पंखांवर काळसर पट्टे असतात. मागील पंख रुपेरी करडे व झालरयुक्त असतात. तो निशाचर आहे. मादी पाते, फुले व कोवळ्या बोंडांवर चपटी, लांबट अंडी घालते. ३–६ दिवसांत बाहेर पडणारी अळी प्रथम पांढरट असते. पूर्ण वाढ झाल्यावर ती १०–१२ मिमी. लांब व गुलाबी होते.

कपाशी हे मुख्य आश्रय झाड होय. भेंडी, अंबाडी, मुद्रिका इ. मॅल्व्हेसी कुलातील वनस्पतींवरही ती आढळते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमी धाग्यांनी बांधते. अशा न उमलणाऱ्या फुलास ‘डोमकळी’ म्हणतात. बोंडात शिरल्यावर प्रवेशछिद्र बुजते. त्यामुळे बोंड वरून निरोगी दिसले, तरी आत सरकी खाल्ली जाते, रुई डागाळते व वेचणीच्या वेळीच नुकसान उघड होते.

भारतात २००२ मध्ये बीटी कापूस व २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी कापूस लागवडीस आला. अळीची उपजीविका बहुतांशी कपाशीवरच असल्याने पिढ्यान्‌पिढ्या तिचा त्याच विषाशी संबंध आला. भोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याकडे दुर्लक्ष झाले व तिच्यात प्रतिकारशक्ती निर्माण झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले.

हंगामाच्या अखेरीस अळी दोन सरक्या एकत्र जोडून त्यांत सुप्तावस्थेत राहते. फरदड घेतल्यास तिला अन्न मिळत राहते. याउलट, डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्या नष्ट केल्यास पिढ्यांची साखळी तुटते. पाते लागण्यापूर्वी निघालेल्या पतंगांच्या संततीस अन्न मिळत नाही. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी सरासरी ८ पतंग आढळणे ही उपाययोजनेची मर्यादा मानतात. हे उपाय गावाने एकत्रितपणे योजल्यासच परिणामकारक ठरतात, कारण पतंग एका शेतातून दुसऱ्या शेतात सहज जातो.