टेबलाचा पावसाळा

सुतार पिढ्यान्‌पिढ्या फळीचा जो भाग तासून टाकत आले, नेमक्या त्याच भागासाठी आता लोक जास्त पैसे मोजतात! लाइव्ह एज टेबल म्हणजे खोडाची नागमोडी कड तशीच ठेवून उभी चिरलेली, एकसंध, रुंद फळी. सांगलीजवळच्या माधवनगरमधल्या घरात जेवायला असं टेबल करायचं, तर लाकूड कोणतं घ्यावं?

आधी ती कड पाहा. खोडाच्या आडव्या छेदात मध्ये गडद गाभा दिसतो आणि सालीलगत फिकट कडं. मुळांचं पाणी वर चढतं ते या कड्यातून. आणि गाभा? तो झाड उभं असतानाच मेलेला असतो! पण झाड त्या पेशी रिकाम्या सोडत नाही. त्यांत रंगद्रव्यं आणि किडीला नकोशी रसायनं भरून ठेवतं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. फिकट भागात मात्र पिष्ट साठतं, आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यासाठीच लाकूड पोखरतात. म्हणजे सागाची सगळी ख्याती गाभ्याची. कडेला ती लागू नाही. लाइव्ह एज हवी असेल, तर साग असो की आंबा, कडेला कीडनाशक उपचार झालाय का, हे वखारीत विचारायलाच हवं.

खरी गंमत पुढे आहे. हे मेलेलं लाकूड दर पावसाळ्यात हलतं. ज्वारीच्या कडब्याची पेंढी भिजली की जाडीला फुगते, लांबीला नाही, फळीचंही तसंच. पेशींच्या भिंतींतले तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीला धरून असतात आणि हवेतली ओल त्यांच्यामध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारते. त्यातही वलयांच्या कडेकडेने लाकूड जास्त फुगतं, गाभ्यातून सालीकडे कमी. ही दोन मापं जितकी वेगळी, तितकी फळी वाकणार.

आता आकडे बघा. ओलं लाकूड पूर्ण सुकताना साग वलयांच्या दिशेने सुमारे 5.3 टक्के आटतो, तर रेन ट्री फक्त 3.4! सांगलीकडचा कोरडा एप्रिल आणि दमट ऑगस्ट यांत लाकडातली ओल पाच टक्क्यांनी बदलली असं धरा. तीन फुटी सागवानी फळी मग आठेक मिलिमीटरपर्यंत सरकेल, रेन ट्रीची पाचेक. हा रेन ट्री मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेला, संध्याकाळी पानं मिटणारा. खोड प्रचंड, गाभा चॉकलेटी, कड पिवळसर. बाभूळ कितीही चिवट असली (बैलगाडीची चाकं उगाच तिची करत नाहीत), तरी तीन फूट रुंद फळी ती देणार कुठून? टेबलासाठी माझं मत रेन ट्रीला.

मिरजेत सतार-तंबोऱ्यासाठी मात्र तुणीचं लाकूड लागतं. ते हलकं, कोरायला सोपं. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तुणीचा मऊपणा कढईचे ठोके आणि मुलांचे काटे-चमचे सोसणार नाही.

सागाला उणं ठरवण्याआधी त्याची एक करामत ऐका. त्याच्या वलयांत पाऊस लिहिलेला असतो! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागांची वलयं मोजून 1481 पासूनची वर्षं जुळवली. अरुंद वलयांतून दुष्काळाचे माग निघाले. 1972 च्या दुष्काळाआधी लावलेल्या सागाची फळी हाती आली, तर बाहेरून आत मोजत त्या सालापर्यंत जाऊन पाहायला मजा येईल. फक्त झाड कधी तोडलं ते माहीत हवं.

आणि घेतलेली फळी? ढोबळ अंदाजाने, एक इंच जाडीला एक वर्ष वाळवण. तरी ओलमापक यंत्र लावून बारा टक्क्यांच्या आत आहे ना, हे बघावं. लोखंडी पायांवर ती घट्ट आवळायची नाही. पायाच्या पट्टीतली भोकं आडवी लांबट ठेवायची, म्हणजे फळी आपल्या जागी सरकेल. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखंच. ‘खालून कोण बघतंय’ असं सुतार म्हणालाच, तर त्याला सांगा, ऑगस्टची हवा बघते.