विश्लेषण : अपघातग्रस्तासाठी जवळचे रुग्णालय बरे की ट्रॉमा सेंटर?

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते. अपघातानंतर जखमीला बहुतेकदा समोर दिसेल त्या रुग्णालयात नेले जाते. पण रुग्णालय कोणत्या दर्जाचे आहे, यावर जीव वाचण्याची शक्यता खरोखर अवलंबून असते का?

ट्रॉमा केंद्रांचे स्तर कोणते?

अमेरिकेत ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ ही संस्था १९७६ पासून यासाठीचे निकष ठरवते. पहिल्या स्तराच्या केंद्रात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, मेंदू व अस्थिरोगतज्ज्ञ आणि रक्तपुरवठा चोवीस तास असतो. शिवाय प्रशिक्षण आणि संशोधनही चालते. दुसऱ्या स्तरावर उपचार जवळपास तसेच असतात. तिसऱ्या स्तरावर तातडीच्या शस्त्रक्रिया होतात, गुंतागुंतीचे रुग्ण पुढे पाठवले जातात. चौथ्या स्तराचे काम रुग्णाला सावरून पुढे रवाना करणे. भारतात केंद्राच्या योजनेत रुग्णालयांचे तीन स्तर आहेत. चौथा स्तर म्हणजे सुसज्ज रुग्णवाहिका.

नुसता मृत्यूदर पाहून तुलना का करता येत नाही?

सर्वांत गंभीर जखमी मोठ्या केंद्रात येतात. लहान रुग्णालयाने पुढे पाठवलेला रुग्ण दगावला, तर ती नोंदही मोठ्या केंद्राच्याच नावावर पडते. त्यामुळे उत्तम केंद्रातही मृत्यू अधिक दिसू शकतात. म्हणूनच तुलनेआधी इजेची तीव्रता मोजावी लागते. त्यासाठी १९७४ मध्ये मांडलेला ‘इंज्युरी सिव्हिअरिटी स्कोअर’ वापरतात. हे गुण १ ते ७५ असतात. १५ च्या वर गेले की इजा गंभीर मानली जाते.

अभ्यासांतून काय दिसले?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील १४ राज्यांतील पहिल्या स्तराची १८ ट्रॉमा केंद्रे आणि ट्रॉमा केंद्र नसलेली ५१ रुग्णालये यांची तुलना झाली. इजेची तीव्रता, वय आदी फरक लक्षात घेतल्यावर रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ट्रॉमा केंद्रांत ७.६ टक्के, तर इतरत्र ९.५ टक्के आढळले. वर्षभरातील मृत्यू अनुक्रमे १०.४ आणि १३.८ टक्के होते. म्हणजे मृत्यूचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी. हा फायदा मुख्यतः गंभीर जखमींना झाला.

पहिल्या आणि दुसऱ्या स्तरात फरक पडतो का?

हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, यकृत किंवा कटीची हाडे यांना झालेल्या विशिष्ट गंभीर इजांचा २००५ मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. त्यात पहिल्या स्तरावर मृत्यूचे प्रमाण २५.३ टक्के, तर दुसऱ्या स्तरावर २९.३ टक्के होते. वाचलेल्यांतील तीव्र अपंगत्वही पहिल्या स्तरावर कमी आढळले.

मग जवळचे रुग्णालय टाळावे का?

नाही. श्वास अडकत असेल किंवा रक्तस्राव आवरत नसेल, तर दूरचे केंद्र गाठेपर्यंत उशीर होऊ शकतो. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात श्वासमार्ग मोकळा करून, रक्तस्राव रोखून रुग्णाला लगेच पुढे पाठवणे हाच मार्ग. किरकोळ इजेसाठी मोठ्या केंद्रात गर्दी करण्याची गरज नाही. मात्र गंभीर जखमीला जिथे उपचार होणारच नाहीत, तिथे तासन्‌तास अडकवून ठेवणे जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे काय व्हायला हवे?

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यात इजेनंतरच्या पहिल्या तासाची, म्हणजे ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आहे आणि जखमीला मदत करणाऱ्यांना संरक्षणही आहे. पण रुग्णवाहिका नेमकी कुठे न्यायची, हे ठरलेले नसेल तर त्या तासाचा उपयोग होत नाही. इमारतीवर ‘ट्रॉमा केअर’ची पाटी लावून स्तर ठरत नाही. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, रक्त आणि सीटी स्कॅन मिळतो का, यावर तो ठरतो. इजेच्या तीव्रतेसह प्रत्येक रुग्णाची नोंद झाली, तरच कुठले केंद्र जीव वाचवते आणि कुठले केवळ नावाला आहे, हे कळेल.