दोषातून घडलेला न्यूरॉन

बोरीवलीहून पवईला जायचं तर राष्ट्रीय उद्यानाला वळसा घालावा लागतो. उद्यानाच्या दक्षिणेला, तलावाकाठी, १९५८ साली सुरू झालेली आयआयटी मुंबई आहे. तिथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. उदयन गांगुली यांचा गट मेंदूच्या धर्तीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक्स घडवतो.

मेंदूच का? कारण तो काटकसरी आहे. सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन असलेला माणसाचा मेंदू जेमतेम २० वॅटवर चालतो. नेहमीच्या संगणकात स्मृती एकीकडे, आकडेमोड दुसरीकडे. माहितीची ने-आण करण्यातच बरीच वीज जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं फुगली, तसा हा खर्चही फुगला. मेंदूत साठवण आणि प्रक्रिया एकाच जाळ्यात होतात. हे तत्त्व सिलिकॉनमध्ये उतरवण्याची वाट अमेरिकेत कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात पाडली.

पवईतल्या कामाची गंमत ट्रान्झिस्टरच्या एका खोडीत आहे. सिलिकॉनचा पातळ थर विद्युतरोधक थरावर बसवला, की ट्रान्झिस्टरच्या अंगात विद्युतभार अडकतो. सर्किट आखणाऱ्यांना ही डोकेदुखी. या गटाने तिचाच उपयोग केला. गळक्या बादलीत नळ सोडावा तसा भार साठतो, थोडा झिरपतो. ठरावीक पातळी गाठली, की प्रवाह एकदम उसळतो. न्यूरॉनही असाच, संकेत साठवत साठवत, एकदम स्पंद सोडतो. हे संशोधन २०१७ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

याच संस्थेत शिकलेले धर्मेंद्र मोधा यांनी आयबीएममध्ये याच दिशेने मोठी झेप घेतली. त्यांच्या चमूच्या २०१४ सालच्या ‘ट्रूनॉर्थ’ चिपवर १० लाख न्यूरॉन आणि त्यांना जोडणारे २५.६ कोटी सिनॅप्स होते. ती सुमारे ७० मिलिवॅटवर चाले.

तरीही अशा चिप उद्याच मोठी मॉडेलं चालवणाऱ्या चिपना हटवतील, असं नाही. स्पंदांच्या जाळ्यांना शिकवण्याच्या पद्धती अजून पुरत्या रुळलेल्या नाहीत. अशा चिपचा पहिला उपयोग दिसतो तो बॅटरीवर चालणाऱ्या, सतत जागं राहावं लागणाऱ्या छोट्या उपकरणांत. बारावीनंतर फक्त कॉम्प्युटर सायन्सच्या जागेमागे धावणाऱ्या मुलामुलींनी एवढं ध्यानात ठेवावं: कृत्रिम बुद्धिमत्तेचं भवितव्य प्रोग्रॅमइतकंच ट्रान्झिस्टरच्या भौतिकशास्त्रावरही ठरणार आहे.