दहा मिलिलिटर डिझेलचा हिशेब

इंजिनच्या प्रयोगशाळेत आवाज इतका असतो की बोलणं खुणांवरच चालतं. ब्युरेटचा कॉक फिरवला की टाकीतलं डिझेल बंद होतं आणि इंजिन काचेच्या नळीतलं ओढायला लागतं. एक जण पातळीवर डोळा रोखून बसतो, दुसऱ्याचा अंगठा स्टॉपवॉचवर. इंजिन शेतावरच्या पंपाला असतं तसंच: एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला 1500 फेरे. पूर्ण लोडवर दहा मिलिलिटर डिझेल 28 सेकंदांत संपतं.

पुढचं काम वहीत. दहा मिलिलिटर म्हणजे 8.3 ग्रॅम. ग्रॅममागे साधारण 42.5 किलोज्यूल धरले, तर आत जाते 12.6 किलोवॉट उष्णता. ब्रेक ड्रमवर हाती लागतात 3.7. कार्यक्षमता 29 टक्के. बाकीची उष्णता शोधायची तर पाण्याच्या मागे जायचं. जॅकेटमधून मिनिटाला पाच लिटर पाणी दहा अंशांनी तापून बाहेर पडतं, तिथे साडेतीन किलोवॉट सापडतात. उरलेली बहुतेक एक्झॉस्टमधून जाते, थोडी तापलेल्या ब्लॉकवरून हवेत. ऊष्मागतिकीचा पहिला नियम इथे सवलत देत नाही, बेरीज जुळायलाच हवी. फारच तफावत आली तर ती ‘अनअकाउंटेड’च्या रकान्यात टाकून मोकळं होऊ देत नाही, आधी थर्मोकपल तपासायला लावतो.

29 ऐकून मुलं हिरमुसतात, कारण पुस्तकातलं आदर्श डिझेल चक्र साठीच्या पुढे जातं. पण फेब्रुवारी 1897मध्ये ऑग्सबर्गला प्रा. मोरित्स श्रोटर यांनी रुडॉल्फ डिझेलचं इंजिन तपासलं तेव्हा 26.2 टक्के आले होते. वाफेची इंजिनं तेव्हा याच्या आसपासही नव्हती.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. वेग तोच ठेवून लोड उतरवत जायचं आणि डिझेलच्या खपाचा आलेख काढायचा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत पडतात. पट्टी लावून ती रेषा मागे वाढवली की ती लोडच्या अक्षाला शून्यावर नाही, तर उणे 1.6 किलोवॉटवर छेदते. एवढी ताकद पिस्टन रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व, इंधनपंप खाऊन टाकतात, लोड असो वा नसो. म्हणून पाव लोडवर हेच इंजिन जेमतेम 15 टक्क्यांवर येतं. विहिरीवर गरजेपेक्षा मोठं इंजिन बसवलं की डिझेल जास्त का जळतं, हे या मुलांना गावी गेल्यावर घरच्यांना पटवून देता यावं, म्हणून ही रेषा मी प्रत्येकाकडून हातानेच काढून घेतो.