बचतीचा हिशेब (लेखांक ९) : गट मोडतो, पण मिटत नाही

व्याज-सवलतीचं गणित या आठवड्यात मांडायचं ठरलं होतं, ते पुढं ढकलतो. पंचसूत्रीवरचा (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही) लेख वाचून धारूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी विचारलंय : बैठक थांबली, बचत थांबली, तर बचत गट बंद करायचा की तसाच राहू द्यायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. जो गट खरोखर संपला आहे तो वेळेत, हिशेबानिशी मिटवण्यातच सभासद बायांचं भलं आहे. आपल्या बीड जिल्ह्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. संपलेला गट कोणता आणि ऊसतोडीच्या फडावर गेलेला कोणता, हे ओळखायचं कसं?

आधी गट बंद करण्याचा अधिकार कुणाचा ते पाहू. अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या भगिनी-संघटना असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात. एखाद्या शाखेची सभासदसंख्या रोडावली, राहत्या घराचा खर्च निघेना, की राष्ट्रीय संघटना तिची सनद काढून घेऊ शकते. आपल्याकडे काढून घ्यायला सनदच नाही. नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून बँक-जोडणीचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून वीस बायांपर्यंतच्या गटाला नोंदणीची सक्ती नाही, आणि या चळवळीचं बळ त्या मोकळिकीतच आहे. पण त्यामुळेच वरून कुणी गट बंद करू शकत नाही. ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ) सभासदत्व काढू शकतो, ‘उमेद’ अभियानाच्या किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (‘माविम’) यादीत ‘बंद’ असा शेरा पडू शकतो, बँक खातं थकीत ठरवू शकते. विसर्जनाचा ठराव मात्र बायांनीच करायचा असतो. नेमका तोच राहून जातो. गट मोडतो, पण मिटत नाही.

मोडण्याचं कारण संख्येत शोधणारे फसतात. बारांच्या सात झाल्या तरी कीर्द वेळच्या वेळी लिहिली जात असेल तर गट चालतो. पंधरा बाया आहेत, पण वही सहा महिने सचिवाच्या फडताळात पडून आहे, तो गट संपल्यात जमा. अंतर्गत कर्ज दोघी-तिघींकडेच फिरत राहतं, बाकीच्या विचारेनाशा होतात, मग बचत द्यायलाही कुणी येत नाही. १९९९ च्या स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजनेनं या रोगात भर घातली. प्रकल्पखर्चाच्या निम्मं, कमाल सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळणार म्हटल्यावर अनुदानापुरते गट उभे राहिले. ज्या गटाला एकमेकींच्या गरजेनं नव्हे तर अनुदानानं बांधलं होतं, त्याला अनुदानानंतर बांधून ठेवणारं काही उरलंच नाही.

यावर आक्षेप ठरलेला : गट मिटवणं म्हणजे गरीब बाईला वाऱ्यावर सोडणं. मला उलट दिसतं. एका बाईला एकाच गटात राहता येतं. मेलेल्या गटाच्या यादीत नाव अडकलं की नव्या गटाचं दार बंद. बँकेचं कर्ज गटावर सामाईक असतं. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं अनुत्पादक ठरतं, आणि २०१६ पासून बँकांना गटातल्या सभासदांची माहितीही पतमाहिती कंपन्यांना द्यावी लागते. म्हणजे जिनं आपला हिस्सा चोख भरला तिलाही झळ बसू शकते. त्यापेक्षा अंतर्गत कर्जं वसूल करावीत, आधी बँकेचं आणि ग्रामसंघाचं देणं फेडावं, मग उरलेली बचत जिच्या-तिच्या प्रमाणात वाटावी आणि ठरावावर सगळ्यांचे अंगठे-सह्या घ्याव्यात. यात गरिबाचं नुकसान कुठं आहे?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते (ऊसतोड करणाऱ्या जोड्या) पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. बारांतल्या आठ बाया फडावर असतील तर आठवड्याची बैठक होणार कशी? पंचसूत्रीच्या तराजूत असा गट दरवर्षी पाच-सहा महिने मेलेलाच दिसेल. म्हणून इथं मी मिटवण्याच्या बाजूचा नाही. अल्प मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावरच अनुत्पादक धरतात, कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा हंगामानं येतो हे बँकिंगच्या नियमांनी मान्य केलं आहे. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या हातीही पैसा हंगामानंच येतो, मग तिच्या गटाला मात्र ९० दिवसांचीच पट्टी का? हप्ते पट्टा पडल्यानंतरचे बांधून द्यायला हवेत. बैठकांचा खंड ही आजाराची खूण धरायची नाही. परतल्यावर पहिल्या महिन्यात वही उघडली नाही, तर ती खूण.

तेव्हा ताई, टोळी निघण्याआधी एक बैठक घ्या. कोण जाणार, कोण राहणार, वही कुणाकडं, हप्ता कुणी भरायचा, हे ठरावात लिहा आणि त्याची एक प्रत बँकेत, एक ग्रामसंघात द्या. व्याज-सवलत पुढच्या आठवड्यात, नक्की.