परक्या अंमलातला सूत्रधार

शिमोनोसेकीच्या १८९५ च्या तहान्वये चीनच्या छिंग दरबाराने तैवान बेट जपानच्या हवाली केले आणि तेथील रयतेवर पन्नास वर्षे परका अंमल बसला. त्या अंमलात, १९१० साली, जन्मलेल्या ली थ्येन-लू या बाहुलीकाराच्या १९४५ पर्यंतच्या आयुष्यावर दिग्दर्शक हौ श्याव-श्येन यांनी जो चित्रपट निर्मिला आणि ज्याला १९९३ साली कान येथील महोत्सवात परीक्षक मंडळाचे पारितोषिक लाभले, तो ‘द पपेटमास्टर’ चरित्रपटांच्या प्रांतात मला अनन्यसाधारण वाटतो.

लींची कला आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री खेळाहून भिन्न. तेथे दोऱ्या नाहीत. बाहुलीत पंजाच शिरतो. तर्जनीवर मस्तक, अंगठा आणि मधले बोट हे दोन हात. आणि कोरीव लाकडी मुखावरची एकही रेषा हलत नसल्यामुळे शोक, क्रोध, लज्जा हे सारे भाव मनगटाच्या वळणातून आणि सर्व पात्रांची वचने बोलणाऱ्या सूत्रधाराच्या एकट्या कंठातून प्रकट व्हावे लागतात. देवळांच्या उत्सवांत देवतांपुढे हा खेळ होई. १९३१ साली लींनी ‘यी-वान-रान’ ही स्वतःची मंडळी उभारली.

पुढे १९३७ साली चीनशी युद्ध पेटताच तैवानी प्रजेचे जपानीकरण करण्याची मोहीम सुरू झाली, पारंपरिक खेळांना मनाई झाली, आणि ज्या सत्तेने लींची बाहुली पेटीत बंद केली, त्याच सत्तेने कालांतराने जपानी गणवेशातल्या बाहुल्या देऊन त्यांना युद्धप्रचारास जुंपले. ज्याच्या घरी खाणारी तोंडे आहेत, अशा कलावंताने त्या हुकुमापुढे काय करावे, हा प्रश्न हौ विचारतात. पण न्यायासनावर मात्र बसत नाहीत. कॅमेरा दूर, स्थिर उभा राहतो. जेवणे, लग्ने, अंत्यविधी त्याच्यासमोरून जातात. आणि ऐंशी ओलांडलेले खुद्द ली मध्येच पडद्यावर येऊन, आपण नुकताच पाहिलेला प्रसंग पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगतात. दृश्य आणि कथन यांचा मेळ काही वेळा बसत नाही, ती विसंगतीही हौंनी तशीच राहू दिली आहे. एका माणसाच्या स्मृतीला दप्तरातल्या नोंदीइतकाच मान देणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

जपानने शरणागती पत्करल्यावर लोकांनी पडलेल्या विमानांचा धातू सोडवून विकला आणि त्या पैशांतून बाहुल्यांचा खेळ लावला, हे लींनीच सांगितले आहे. ज्या राजवटीने खेळ बंद केला, तिच्याच भंगारावर तो पुन्हा उभा राहिला.

लींचे वडील घरजावई, म्हणून लींना मातृकुलाचे आडनाव मिळाले; ते स्वतःही घरजावई झाले, म्हणून ज्येष्ठ पुत्राचे आडनाव छन पडले. १९९८ साली ली वारले, तरी या पुत्राने, छन शी-ह्वांग यांनी, ही बोटांची विद्या चालू ठेवली आणि शिष्यांना दिली. २०१८ साली छन यांच्यावरही एक माहितीपट निघाला.